दाराला नंबर नेमका कोण देतंय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात रेव्हिटचं, म्हणजे इमारतीचं कॉम्प्युटर मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरचं, काम बघते. चालू प्रोजेक्टमध्ये साडेतीनशेच्या आसपास दारं आहेत, ड्रॉइंगवर एकेकाला टॅग (दाराचा नंबर किंवा माहिती दाखवणारी खूण) लावत बसायचा कंटाळा आला म्हणून रूल्स बनवले, फायर रेटेड (ठराविक वेळ आग अडवणाऱ्या) दाराला एक टॅग, 900 मिमीपेक्षा रुंद दाराला दुसरा, बाकी सगळ्यांना साधा, आणि एका स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रॅमने) सगळं एकदम चालवलं. पहिल्या दिवशी एकदम भारी वाटलं, पण आता बघतेय तर कितीतरी टॅगमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह, काही दारांवर दोन-दोन टॅग, आणि काही दारं कोरीच. सर म्हणतात सोड ते, हाताने कर. खरंच हाताने करू का?

उत्तर: हाताने नका करू हो, साडेतीनशे दारं आज हाताने केली तरी पुढच्या आठवड्यात प्लॅन बदलला की परत तेच. पण सर वैतागलेत तेही समजू शकते, कारण अर्धवट ऑटोमॅटिक काम तपासायला हाताच्या कामापेक्षा जास्त वेळ जातो.

आधी प्रश्नचिन्हाचं बघू. टॅगच्या आत स्वतःचं असं काही लिहिलेलं नसतं, तो दाराचं एखादं पॅरामीटर, म्हणजे माहितीचा एखादा रकाना, वाचतो आणि दाखवतो, बास. पॅरामीटर रिकामं असेल तर रेव्हिट तिथे प्रश्नचिन्ह टाकतं, म्हणजे तुमचा रूल नीट चालला, टॅग पण लागला, फक्त दारातच माहिती भरलेली नाही. मला विचाराल तर ते प्रश्नचिन्ह चांगलंच, निदान ओरडून सांगतं तरी. खरी भीती चुकीच्या माहितीची, ती गुपचूप बसते. दाराचा नेहमीचा टॅग मार्क, म्हणजे त्या दाराचा नंबर, दाखवतो, जो प्रत्येक दाराचा वेगळा असतो, आणि खिडकीचा टॅग टाइप मार्क दाखवतो, जो त्या प्रकारच्या सगळ्या खिडक्यांचा एकच. हा फरक डोक्यात नसला की लोक एका खिडकीचा नंबर बदलायला जातात आणि 40 खिडक्यांचा बदलून बसतात. फायर रेटिंगची पण हीच गंमत, दाराच्या बाबतीत ते टाइपला, म्हणजे त्या अख्ख्या प्रकाराला, लागलेलं असतं, त्यामुळे एकच दार 60 मिनिटांचं करायचं असेल तर टाइपची कॉपी काढा, नाहीतर त्याची सगळी भावंडं पण फायर डोअर होतात.

आता दोन-दोन टॅग. तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे बघा. एखादं दार फायर रेटेड पण आहे आणि 1200 रुंद पण आहे, मग ते दोन्ही रूल्समध्ये बसलं आणि स्क्रिप्टने इमानदारीत दोन्ही टॅग लावले, तिची काय चूक. रूल्सना क्रम द्या, सगळ्यात महत्त्वाचा वर, आणि वरच्या रूलमध्ये सापडलेलं दार खालच्या रूलकडे जाऊच द्यायचं नाही. म्हणजे दुसरा रूल नुसता "900 पेक्षा रुंद" असा नको, "900 पेक्षा रुंद आणि फायर रेटिंग रिकामं" असा हवा. आणि टॅग लावायच्या आधी त्या व्ह्यूमध्ये (मॉडेलमधून काढलेल्या त्या प्लॅनमध्ये) त्या दाराला टॅग आहे का ते स्क्रिप्टला तपासायला लावा, नाहीतर दुसऱ्यांदा चालवली की सगळंच डबल. रेव्हिटची टॅग ऑल नॉट टॅग्ड ही कमांड टॅग नसलेलीच दारं घेते, पण आपण लिहिलेल्या स्क्रिप्टला एवढी अक्कल आपणच द्यावी लागते.

कोरी राहिलेली दारं शोधायला जास्त मजा येते. माझ्या एका कामात फक्त 11 दारं सुटत होती, दोन तास डोकं खाल्लं. एक रूल होता 900 च्या वर, दुसरा 900 च्या खाली, आणि ती 11 दारं बरोब्बर 900 ची, कोणाच्याच वाटणीला आली नाहीत! म्हणून शेवटी एक रूल असा हवाच की वरच्या कशातच न बसलेलं जे काही उरेल त्याला भडक लाल टॅग. तो लाल रंग शीटवर, म्हणजे छापायच्या ड्रॉइंगवर, जाऊ द्यायचा नाही, पण काम करताना समोर दिसायलाच हवा. दुसरं कारण म्हणजे टेक्स्ट, एकाने फायर रेटिंगमध्ये लिहिलंय "60 मिनिटं", दुसऱ्याने "60 मि.", तिसऱ्याने "1 तास", आणि रूल म्हणतोय बरोबर 60 असेल तरच. माणसाला तिन्ही सारखेच, रूलला तीन वेगळे. दारांचं शेड्यूल, म्हणजे सगळ्या दारांच्या माहितीचा तक्ता, काढा, त्या कॉलमवर सॉर्ट करा, पाच मिनिटांत सगळे अवतार एकाखाली एक दिसतील, तिथेच दुरुस्त करा आणि मगच टॅगिंगला हात लावा.

आणि स्केल आधी ठरवा. टॅगचं अक्षर कागदावर 2.5 मिमीचं असेल तर 1:50 ला ते मॉडेलमधली 125 मिमी जागा खातं आणि 1:100 ला 250. आधी 1:50 वर टॅग छान मांडून ठेवले आणि नंतर कोणी व्ह्यू 1:100 केला की टॅग एकमेकांच्या अंगावर. टॉयलेटच्या रांगेत तर बघवत नाही, ते मात्र हातानेच सरकवा, त्यासाठी रूल लिहायच्या फंदात पडू नका.

प्रश्न: एका प्लॅनमध्ये टॅग नीट लागले, पण त्याच मजल्याच्या दुसऱ्या व्ह्यूमध्ये एकही दिसत नाही. डिलीट झाले का?

उत्तर: नाही हो, टॅग ज्या व्ह्यूमध्ये लावला तिथलाच असतो, नंबर मात्र दारात असतो म्हणून शेड्यूलमध्ये सगळीकडे दिसतो. व्ह्यूची कॉपी काढताना डुप्लिकेट विथ डिटेलिंग घ्या, साध्या डुप्लिकेटमध्ये टॅग येत नाहीत.

प्रश्न: दाराला रूम नंबरवरून नंबर द्यायचा रूल करतोय. रूमचे नंबर बदलले की दारांचे पण आपोआप बदलावेत, असं करू का?

उत्तर: ड्रॉइंग बाहेर जाईपर्यंत खुशाल करा. फक्त दोन रूमच्या मधल्या दाराने कोणाचा नंबर घ्यायचा ते आधी ठरवा, मी आतल्या रूमचा घेते, पॅसेजचा कधीच नाही, नाहीतर अर्ध्या मजल्याची दारं पॅसेजच्याच नावावर चढतात. एका रूमला दोन दारं असतील तर मागे अ, ब लावा, कारण एकच मार्क दोन दारांना दिला तर रेव्हिट नुसती वॉर्निंग देतं, अडवत नाही, आणि वॉर्निंग कोण वाचतंय.

पण ड्रॉइंग साइटवर गेलं की तो रूल बंद. सुताराने 214 लिहून चौकट उभी करून ठेवलीय आणि इकडे तुमच्या स्क्रिप्टने तिला 215 केलं, मग फोन तुम्हालाच येणार. त्यानंतर मध्ये नवीन दार आलं तर ते 214क, आणि एखादं दार काढलं तर त्याचा नंबर रिकामाच राहू दे, परत कोणाला द्यायचा नाही.