मानसोपचाराचं सेशन ५० मिनिटांचं, अपॉइंटमेंट मात्र एक तासाची. बिलावर ९०८३४ हा कोड लावायचा की ९०८३७?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही पुण्यातल्या एका बिलिंग कंपनीत नवीन लागला आहात. अमेरिकेतल्या एका सायकॉलॉजिस्टचे क्लेम (विमा कंपनीला पाठवायची बिलं) तुमच्याकडे आलेत. कॅलेंडरमध्ये स्लॉट ६० मिनिटांचा दिसतो, पण नोटमध्ये १०:०२ ते १०:५२ अशी वेळ लिहिली आहे. टीम लीड म्हणतात, स्लॉट तासाचा आहे, ९०८३७ लाव. शिवाय एका सेशनला लहान पेशंटची आई शेवटची पंधरा मिनिटं आत येऊन बसली, तिथे फॅमिलीचा कोड लागेल का? आणि त्याच क्लिनिकमधल्या सायकायट्रिस्टच्या क्लेमचं गणित वेगळं का?

पहिल्याचं उत्तर ९०८३४. यात वाद घालण्यासारखं काही नाही. तरी तुमच्या टीम लीडना ते तसं का वाटतं हे कळलं, तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल. मीही रात्रपाळीत हेच काम करते, आणि ही समजूत जवळजवळ प्रत्येक फ्लोअरवर ऐकू येते.

वैयक्तिक मानसोपचाराचे कोड तीनच: ९०८३२, ९०८३४ आणि ९०८३७. त्यांच्या वर्णनात अनुक्रमे ३०, ४५ आणि ६० मिनिटं लिहिलेली असतात. नवीन माणूस तिथेच फसतो, कारण हे आकडे नेमके नाहीत, त्यांच्यामागे मर्यादा आहेत. १६ ते ३७ मिनिटं झाली तर ९०८३२, ३८ ते ५२ झाली तर ९०८३४, आणि ५३ किंवा जास्त झाली तर ९०८३७. सोळा मिनिटांपेक्षा कमी असेल तर मानसोपचाराचा कोड लागतच नाही. हे आकडे पाठ करायची गरज नाही. ३० आणि ४५ चा मध्य साडेसदतीस, ४५ आणि ६० चा मध्य साडेबावन्न. मध्य ओलांडला की पुढचा कोड. तुमची नोट पन्नास मिनिटांची आहे, म्हणजे मधल्या कोडात अगदी आरामात बसते.

आता ‘पन्नास मिनिटं म्हणजे तासच की’ हे कुठून आलं? २०१३ च्या आधी हे कोड वेगळे होते. क्लिनिकमधल्या नेहमीच्या सेशनला ९०८०६ लागायचा आणि त्याच्या वर्णनातच ‘साधारण ४५ ते ५० मिनिटं’ असं होतं. थेरपिस्ट लोकांचा ‘तास’ पूर्वीपासून पन्नास मिनिटांचाच: दहा मिनिटं नोट लिहायला, पाणी प्यायला, पुढच्या माणसासाठी डोकं मोकळं करायला. जुन्या कोडात हा तास चपखल बसत होता. १ जानेवारी २०१३ पासून कोड बदलले आणि तोच पन्नास मिनिटांचा तास पंचेचाळीसच्या रकान्यात जाऊन पडला. पैसे कमी झाले असं अनेकांना वाटलं. तेव्हापासून ‘पूर्ण सेशन’ म्हणजे वरचा कोड ही सवय काही क्लिनिकांतून आणि त्यांच्यामागोमाग बिलिंगच्या फ्लोअरवरून गेलीच नाही. तुमचे टीम लीड ती कुणाकडून तरी शिकले असणार.

रिक्षाचं भाडं मीटरवर पडलेल्या अंतराचं, तुम्ही मनात किती लांब जायचं ठरवलं होतं त्याचं नाही. इथे मीटर म्हणजे नोटमधली सुरू आणि संपल्याची वेळ. कॅलेंडरमधला स्लॉट फक्त जागा अडवतो. सेशननंतर थेरपिस्टने नोट लिहायला घेतलेली दहा मिनिटं धरायची नाहीत, पेशंट उशिरा आला ती मिनिटं धरायची नाहीत, शाळेच्या काउन्सेलरला केलेला फोनही धरायचा नाही. पेशंटसोबत प्रत्यक्ष उपचारात गेलेला वेळ तेवढा मोजायचा.

एक गोष्ट मात्र जरा नाजूक आहे. ९०८३७ चा दर ९०८३४ पेक्षा जास्त असतो, त्यामुळे विमा कंपन्यांचं त्याच्यावर लक्ष असतं. एखाद्या थेरपिस्टचे बहुतेक सगळे क्लेम ९०८३७ असतील तर ‘तुमच्या क्षेत्रातल्या इतरांपेक्षा तुम्ही हा कोड जास्त वापरता’ अशी पत्रं येतात. मग दोन टोकाचे प्रकार दिसतात. काही थेरपिस्ट घाबरून ५६ मिनिटांच्या सेशनलाही ९०८३४ लावा म्हणतात. हेही चूकच, कारण क्लेम नोटशी जुळत नाही, मग तो खालच्या बाजूने चुकलेला का असेना. दुसरीकडे प्रत्येक नोटमध्ये १०:०० ते १०:५३, ११:०० ते ११:५३ असं छापल्यासारखं येतं. ऑडिटरला संशय यायला एवढं पुरतं. माणसं एकामागून एक बरोब्बर त्रेपन्न मिनिटं बोलत नाहीत.

५३ च्या वर किती गेलं तरी कोड तोच. सेशन ऐंशी मिनिटं चाललं म्हणून ९०८३७ दोनदा लावायचा नाही, दिवसाला एकच युनिट. पूर्वी लांबलेल्या वेळेसाठी ९९३५४ जोडत असत, तो २०२३ पासून काढून टाकला आहे. कुणाच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये तो अजून दिसला तर ती शीट वापरू नका. सीपीटी, म्हणजे उपचारांच्या या कोडची यादी, दर १ जानेवारीला बदलते आणि आयसीडी-१० चे निदानाचे कोड दर १ ऑक्टोबरला, एवढं लक्षात असलं की निम्मे डिनायल (क्लेम नाकारले जाणं) टळतात. (निम्मे हा माझा अंदाज, मोजलेला आकडा नाही.)

आईच्या प्रश्नाकडे येऊ. वैयक्तिक कोड हा पेशंटचा आहे आणि पेशंट सगळा वेळ किंवा बहुतांश वेळ खोलीत हवा. पन्नासपैकी पस्तीस मिनिटं मूल एकटं होतं आणि शेवटची पंधरा मिनिटं आईही आत आली, घरी काय चाललंय ते तिने सांगितलं, तर ते अजूनही मुलाचंच वैयक्तिक सेशन आहे. ९०८३४ ठेवा. आई आत आली म्हणून आपोआप फॅमिलीचा कोड होत नाही.

फॅमिलीचे कोड दोन आहेत: ९०८४७ म्हणजे पेशंट हजर असताना, ९०८४६ म्हणजे पेशंट नसताना. दोन्ही ५० मिनिटांचे, आणि किमान २६ मिनिटं झाली तरच लागतात. कामाचा विषय घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात हा असेल, तर ते फॅमिली. आई एकटीच आली आणि चाळीस मिनिटं मुलाबद्दल बोलली, तर ९०८४६, कारण पेशंट तिथे नाहीच. इथे एक चोरवाट सर्रास दिसते. नवराबायको दोघं येतात, थेरपी त्यांच्या भांडणाची असते, पण एकाला पेशंट ठरवून ९०८३७ लावला जातो. कारण त्या कोडला पैसे जास्त मिळतात आणि नातेसंबंधातल्या ताणाच्या झेड६३.० या निदानाला बऱ्याच विमा कंपन्या पैसे देत नाहीत. नोटमध्ये दोघांची नावं, दोघांचं बोलणं आणि क्लेम वैयक्तिक असं दिसलं की थांबा आणि विचारा.

सायकायट्रिस्टचं गणित वेगळं कारण तो औषध देतो. सायकॉलॉजिस्ट आणि क्लिनिकल सोशल वर्कर ९९२१३, ९९२१४ सारखे तपासणीचे कोड लावू शकत नाहीत, डॉक्टर लावू शकतो. त्याने एकाच भेटीत औषधंही पाहिली आणि मानसोपचारही केला, तर तपासणीचा कोड मुख्य आणि त्याला जोडून मानसोपचाराचा अॅड-ऑन कोड: १६ ते ३७ मिनिटांना ९०८३३, ३८ ते ५२ ला ९०८३६, ५३ किंवा जास्तीला ९०८३८. मर्यादा तुम्हाला ओळखीच्या दिसल्या असतील, त्याच आहेत. पण दोन गोष्टी सांभाळा. औषधं पाहण्यात गेलेली मिनिटं मानसोपचाराच्या वेळेत मिसळायची नाहीत. आणि अशा भेटीत तपासणीच्या कोडची पातळी वेळेवर ठरवायची नाही, वैद्यकीय निर्णय किती गुंतागुंतीचा होता त्यावर ठरवायची. नोटमध्ये ‘एकूण वेळ ४० मिनिटं’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातली मानसोपचाराची किती हे तुम्हाला कळणार नाही, आणि अंदाज बांधायचा अधिकार तुम्हालाही नाही, मलाही नाही.

पहिली भेट असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. तिथे निदानासाठीची मुलाखत म्हणून ९०७९१, किंवा डॉक्टरने वैद्यकीय तपासणीसह केली तर ९०७९२. त्याच दिवशी त्याच माणसाने ९०८३४ वर लावायचा नाही.

क्रायसिसचा ९०८३९ मात्र नवीन लोक उगाच लावतात. पेशंट रडला, सेशन जड गेलं, एवढ्यावर तो बसत नाही. जीवाला धोका वाटावा अशी परिस्थिती, तातडीने केलेलं मूल्यमापन, सुरक्षिततेसाठी केलेली धावपळ हे नोटमध्ये दिसायला हवं. वेळ ३० ते ७४ मिनिटं, त्यापुढे ९०८४० जोडायचा. तीस मिनिटांच्या आत संपलं तर परत साध्या ९०८३२ वर या.

९०७८५ बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो तुमच्या वाट्याला येणारच. संवादात खरी अडचण असेल, म्हणजे पालकाच्या वागण्याने उपचारातच अडथळा आला, किंवा लहान मुलाशी खेळण्यांतूनच बोलावं लागलं, तर तो वैयक्तिक सेशनच्या कोडला जोडतात. फक्त दुभाष्या लागला म्हणून लावायचा का? न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या आजींचं मराठी सेशन डोळ्यांसमोर आणा. मेडिकेअरचं (अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचं) म्हणणं स्पष्ट आहे: केवळ भाषांतरासाठी हा कोड लावू नये, तसं केल्याने केंद्रीय कायद्याचा भंग होऊ शकतो. भाषा न येणं हा त्या आजींचा दोष नाही, त्याचा भुर्दंड त्यांच्यावर कशाला?

व्हिडिओवरच्या सेशनला कोड तेच राहतात. बदलतो तो ठिकाणाचा कोड. क्लिनिकमध्ये ११, पेशंट स्वतःच्या घरी असेल तर १०, इतर ठिकाणी असेल तर ०२. मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) बहुधा ९५, आणि फक्त फोनवर झालं असेल तर ९३. प्रत्येक विमा कंपनीचे यात लाड वेगळे असतात, तेव्हा क्लायंटच्या पेअर शीटमध्ये (विमा कंपन्यांच्या नियमांच्या यादीत) बघितल्याशिवाय हात लावू नका.

एक गैरसमज क्लिनिकवाल्यांचाही असतो. ‘थेरपीच्या नोट्स गोपनीय असतात, वेळ देता येणार नाही’ असं उत्तर तुम्हाला कधीतरी येईल. हिपामध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या आरोग्यविषयक गोपनीयतेच्या कायद्यात, सायकोथेरपी नोट्सना खरोखर जास्तीचं संरक्षण आहे, पण ते थेरपिस्टने वेगळ्या ठेवलेल्या, सेशनमधल्या बोलण्याच्या नोंदींना. सुरू-संपल्याची वेळ, उपचाराची पद्धत, निदान, लक्षणं, प्रगती, उपचाराचा आराखडा या गोष्टी त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेल्या आहेत. त्या नेहमीच्या फायलीत असायलाच हव्यात. पेशंटच्या आयुष्यात काय घडलं हे तुम्हाला वाचायचंच नाहीये, तुम्हाला दोन वेळा आणि एक निदान हवंय. निदानही तुम्ही निवडायचं नाही. नोटमध्ये ‘चिंता’ एवढंच असेल तर आपल्या मनाने एफ४१.१ (एका विशिष्ट चिंताविकाराचा कोड) टाकू नका, विचारा.

टीम लीडशी बोलताना कायद्याची भीती घालू नका, त्याने माणूस अडून बसतो. नोटचा स्क्रीनशॉट, सीपीटीच्या पुस्तकातलं वेळेचं पान आणि ‘क्यूएमध्ये (कामाच्या तपासणीत) माझ्या नावावर एरर येईल, मेलवर कन्फर्म कराल का?’ एवढं पुरे. मेलवर लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक लोक ९०८३४ वर येतात. आधीच ९०८३७ ने गेलेले असे क्लेम सापडले तर तेही क्लायंटला कळवायला सांगा. मेडिकेअर आणि मेडिकेडचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी विम्याचे) जास्तीचे पैसे लक्षात आल्यावर परत करण्याला मुदत असते, आणि ती जबाबदारी क्लिनिकची आहे, तुमची एकट्याची नाही.

वेळच लिहिलेली नसेल अशा नोटा बाजूला काढा आणि क्लिनिकला क्वेरी (लेखी विचारणा) टाका. शब्द असे ठेवा की तुम्ही उत्तर सुचवत नाही आहात. ‘या तारखेच्या नोटमध्ये सुरू आणि संपल्याची वेळ दिसत नाही. आपल्याकडे नोंद असल्यास आजच्या तारखेने पुरवणी जोडावी’ असं चालेल. ‘सेशन ५३ मिनिटांपेक्षा जास्त होतं का?’ असं विचारू नका. उत्तर येईपर्यंत क्लेम होल्डवर ठेवा, फक्त विमा कंपनीची क्लेम पाठवायची मुदत बघून. मेडिकेअरला सेवेच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, काही खासगी कंपन्या ९० दिवसांतच दार लावतात, त्यामुळे त्यांच्या क्वेरी आधी पाठवा.