क्यूओएस लावलं तरी कॉल तुटतोच!

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि स्पीड टेस्टमध्ये पूर्ण १०० दाखवतं पण, पण संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या फोनचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागले की माझ्या ऑफिस कॉलचा आवाज रोबोटसारखा होतो. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय) ऑन करून लॅपटॉपला हाय प्रायोरिटी दिली, ढिम्म फरक नाही. २०० चा प्लॅन घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यात पैसे घालवू नका. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसच्या आसपास पुरतं, व्हिडिओ धरून तीन-चार एमबीपीएस, म्हणजे स्पीड कमी पडतोय असं नाहीये, रांग लागतेय. बॅकअपने अपलोड भरलं की कंपनीचा डबा (मॉडेम) जास्तीचे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून द्यायचे सोडून साठवत बसतो आणि त्या ढिगामागे तुमचा आवाज पण ताटकळतो. याला बफरब्लोट म्हणतात. बोलण्यात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे, भरलेल्या लाइनवर तो कितीतरी पुढे जाऊ शकतो. लॅपटॉप केबलने जोडा, पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी चाचणी) चालू ठेवा आणि मग बॅकअप सुरू करा. आकडा १० वरून ३०० वर गेला तर हेच दुखणं. केबलवर ठीक आणि वायफायवरच बोंब असेल तर मात्र क्यूओएसचा नाद सोडा, राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जा.

आता प्रायोरिटी का चालली नाही? राउटरपासून त्या डब्यापर्यंतची केबल बहुतेक गिगाबिटची, त्यामुळे राउटरमध्ये रांगच लागत नाही, ती लागते पुढे. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अँब्युलन्स पहिली सोडली तरी पुढे गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये ती अडकणारच ना, तसं. म्हणून रांग आपल्या राउटरमध्ये ओढून आणायची : क्यूओएसच्या पानावर अपलोड बँडविड्थचा रकाना असतो (बरेच जण तो रिकामाच सोडतात), त्यात संध्याकाळी मोजलेल्या अपलोडच्या ८५-९० टक्के आकडा टाका. डाउनलोडलाही तसंच करा, पण तिथली रांग कंपनीच्या बाजूला असते म्हणून पकड थोडी ढिलीच राहते.

राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आपोआप छोटी ठेवणारी सोय) असेल, म्हणजे एफक्यू-कोडेल किंवा केक नावाचा पर्याय, तर डोळे झाकून तेच लावा. ते प्रत्येक कनेक्शनला आळीपाळीने सोडतं, कोण मोठा कोण छोटा ठरवत बसावं लागत नाही. मला तशीही ती डिव्हाइसची यादी आवडत नाही, नवीन टीव्ही आला की परत सगळं मांडा. फक्त स्वस्त राउटरचा प्रोसेसर यात दमतो, स्पीड खूप पडला तर ते कारण.

आणि हो, कॉलच्या पॅकेटवर ४६ नंबरचा डीएससीपी शिक्का (‘हे आधी सोडा’ असं सांगणारी खूण) मारायचा सल्ला कोणी देईल. घरातल्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये त्याचा उपयोग होतो, पण घरगुती कनेक्शनवर कंपनी तो पाळेल असं धरून चालू नका.

एवढं करूनही २०० चा प्लॅन घ्यावासा वाटला तर अपलोड किती देणार ते आधी विचारा, जाहिरातीत मोठा छापलेला आकडा बहुतेक डाउनलोडचाच असतो.