वाचकांचे प्रश्न : रेडिओवर धावणारी मोठी शर्यतगाडी स्वतः घडवताना

प्रश्न : मला १९८८ सालच्या मॅक्लारेन एमपी ४/४ या फॉर्म्युला वन गाडीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती एक-पंचमांश प्रमाणात, तयार किट न घेता, संपूर्ण स्वतः बनवायची आहे. माझ्याकडे छोटा लेथ, ड्रिल मशीन आणि ग्राइंडर आहे. मूळ गाडीची सर्व मापे पाचने भागली की काम भागेल का? सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बाह्य आकारापुरते पाचने भागणे बरोबर आहे. मूळ गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २,८७५ मिलिमीटर होते; तुमच्या गाडीत ते ५७५ मिलिमीटर ठेवावे. त्या हंगामातील सोळापैकी पंधरा शर्यती जिंकणाऱ्या या गाडीचे सारे सौंदर्य तिच्या ठेंगण्या, जमिनीलगतच्या बांधणीत आहे, म्हणून या मापांत तडजोड करू नये असे माझे आग्रहाचे मत आहे.

बळकटीला मात्र हा भागाकार लागू पडत नाही. लांबी पाचपट कमी झाली की घनफळ १२५ पट कमी होते. त्या वर्षी टर्बो इंजिनाच्या गाड्यांना ५४० किलो हे किमान वजन ठरवून दिलेले होते. त्याला १२५ ने भागल्यास ४.३ किलो येतात. पेट्रोल इंजिन, टाकी, जाड रबरी टायर, सर्व्हो (रेडिओच्या संकेतानुसार स्टिअरिंग आणि कार्ब्युरेटर हलवणारी छोटी मोटर) आणि बॅटरी धरून तुमची गाडी दहा-अकरा किलोंच्या खाली येणे कठीण आहे. म्हणजे प्रतिकृती आपल्या मापाच्या मानाने मूळ गाडीपेक्षा सुमारे अडीच पट जड होते, आणि शिवाय ती सिमेंटच्या कठड्यावर आदळणार असते. मूळ गाडीच्या सस्पेन्शनच्या सडपातळ नळ्या पाचपट बारीक करून बसवल्यास पहिल्याच धडकेत त्या वाकतील. तेथे ६ मिलिमीटर जाडीच्या आटे पाडलेल्या पोलादी दांड्या वापराव्यात. काळा रंग दिल्यावर त्यांचा जाडेपणा नजरेत भरत नाही.

चासीसाठी बाजारात एचई-३० या नावाने मिळणारी ४ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट घ्यावी. ६०० बाय २०० मिलिमीटरचा तुकडा सुमारे १.३ किलोचा होतो आणि भोके पाडून, कडा कापून तो एक किलोच्या आसपास आणता येतो. वजन वाचवण्यासाठी ३ मिलिमीटरची प्लेट घेण्याचा मोह होईल. परंतु प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ४ मिलिमीटरची प्लेट जवळजवळ २.४ पट ताठ असते. एवढ्या फायद्यासाठी तीनचारशे ग्रॅम अधिक वजन सोसायला हरकत नाही.

प्लेट कापण्याआधी मात्र गाडीचा वरून आणि बाजूने दिसणारा आराखडा पूर्ण मापात कागदावर काढावा, तो ६ मिलिमीटरच्या प्लायवुडवर चिकटवावा आणि इंजिन, टाकी, सर्व्हो, बॅटरी हे खरे भाग त्यावर मांडून पाहावेत. इंजिन उभे बसवल्यास ते मागच्या झाकणाबाहेर डोकावेल, म्हणून ते आडवे किंवा तिरपे ठेवावे लागेल, हे अशाच मांडणीतून लक्षात येते. चाके लावून ही लाकडी गाडी हाताने ढकलता येईल इतपत पुरी करावी. महिनाभराचा हा वेळ वाया जात नाही, कारण ॲल्युमिनियममध्ये चुकीच्या जागी पाडलेले भोक बुजवता येत नाही.

प्रश्न : गवत कापण्याच्या ब्रश-कटरचे दोन-स्ट्रोक इंजिन अशा गाडीला चालेल का? गिअरचे प्रमाण कसे काढायचे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल. या मापाच्या गाड्यांसाठी जी २३ ते २६ सीसीची इंजिने तयार मिळतात, त्यांची जातकुळी मुळात हीच आहे. आपल्याकडे सहज मिळणारी ४३ किंवा ५२ सीसीची इंजिने मात्र घेऊ नयेत; ती जड असतात आणि त्यांच्या धक्क्यांनी लहान चासीचे बोल्ट सैल होतात.

गिअरचे प्रमाण चाकापासून सुरू करून मोजावे. मागच्या टायरचा व्यास १३० मिलिमीटर धरला, तर परीघ ०.४०८ मीटर होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, तेवढ्यासाठी चाकाला मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घ्यावे लागतात. इंजिन १२,००० फेऱ्यांपर्यंत जात असेल, तर प्रमाण ४.९ यायला हवे. एकाच टप्प्यात एवढी घट करायची तर मोठा गिअर जमिनीला टेकेल, म्हणून ती दोन टप्प्यांत करावी : पहिल्यात २० आणि ४८ दातांची जोडी, दुसऱ्यात २२ आणि ४५ दातांची. गिअर दीड मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दातांच्या आकाराचे माप) घेतल्यास पहिल्या जोडीच्या केंद्रांमधले अंतर बरोबर ५१ मिलिमीटर येते. बसवताना दातांमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून जोडी घट्ट करावी आणि मग पट्टी काढून घ्यावी. तेवढी मोकळीक पुरते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गिअर कापून देणारे कारागीर तुम्हाला घराजवळ मिळतील, ही मोठी सोय आहे. त्यांच्याकडे जाताना दातांची संख्या, मॉड्यूल आणि शाफ्टचा व्यास लिहिलेले रेखाचित्र न्यावे.

इंजिनाची हवा कोंडू देऊ नये. ब्रश-कटर उघड्यावर चालतो. तेच इंजिन फायबरच्या झाकणाखाली गेले की फ्लायव्हीलचा पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहतो आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेटाऱ्यांची (साइडपॉडची) तोंडे नुसती रंगवून न ठेवता खरोखर उघडी ठेवावीत, आणि मागे हवा बाहेर पडायलाही तेवढीच वाट द्यावी.

प्रश्न : आमच्या घरी गणेशमूर्ती घडवण्याचा व्यवसाय आहे. गाडीची बॉडी शाडूत घडवून, प्लास्टरचा साचा घेऊन, त्यात फायबर ओतता येईल का?
– एक वाचक, पेण

उत्तर : तुमच्या घरातील हात या कामाला माझ्यापेक्षा अधिक सरावलेले आहेत. फक्त तीन गोष्टी सांभाळाव्यात. फायबर ओतायचे नसते. आधी जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा, थर द्यावा, तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका सुकल्यावर ३०० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर रेझिनमध्ये भिजवून ब्रशने दाबून बसवावेत, आणि नाकाच्या टोकाला तिसरा थर द्यावा. दुसरे म्हणजे, प्लास्टरमध्ये ओल राहिली तर पॉलिस्टर रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून साचा पूर्ण वाळवून, लाखेचे हात देऊन, वर मेण चढवावे. मूर्तीच्या साच्यासारखाच हा साचाही लांबीच्या दिशेने दोन भागांत घ्यावा. तिसरी गोष्ट जिवाची आहे : रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि ती क्रिया वेगाने घडवणारे कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याचा स्फोट होतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हार्डनरची बाटली उघडू नये.

प्रश्न : माझी गाडी सरळ छान धावते, पण वळताना पुढची चाके घासतात आणि गाडी पुढे सरकत जाते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळायला हवे. पुढची दोन्ही चाके जोडणारी दांडी, म्हणजे टाय रॉड, पुढच्या आसाच्या मागे असेल, तर किंगपिनपासून (चाक ज्याभोवती वळते त्या उभ्या खिळीपासून) स्टिअरिंगच्या आर्मच्या टोकापर्यंत काढलेल्या दोन्ही रेषा मागच्या आसाच्या मध्यावर मिळाव्यात. व्हीलबेस ५७५ आणि किंगपिनमधले अंतर ३०० मिलिमीटर असल्यास प्रत्येक आर्म सुमारे साडेचौदा अंश आत झुकलेला असतो. ही युक्ती मुळात घोडागाडीसाठी म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर याने शोधली आणि १८१८ मध्ये लंडनमध्ये आकरमान याने तिचे पेटंट घेतले.

प्रश्न : माझ्या रिसीव्हरला फेलसेफ, म्हणजे संकेत तुटल्यावर गाडी आपोआप थांबवण्याची सोय, आहे. मोकळ्या मैदानात गाडी चालवण्यासाठी तेवढी सुरक्षितता पुरेशी आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुरेशी नाही. बारा किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असते, तेव्हा तिच्यातील ऊर्जा तेच वजन १४ मीटरवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडल्याइतकी असते. मूल समोर आले तर काय होईल, हे यावरून समजावे.

फेलसेफ हा रेडिओचा संकेत तुटल्यावर काम करतो. रिसीव्हरची वीजच गेली तर तो काहीही करू शकत नाही. माझ्या पहिल्या गाडीत एका खड्ड्यातील हिसक्याने बॅटरीची पिन सुटली, कार्ब्युरेटर अर्धा उघडा राहिला आणि गाडी मैदानाच्या बांधावर आदळेपर्यंत धावत राहिली. बांधावर त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. त्यानंतर मी दोन गोष्टी बसवल्याशिवाय एकही गाडी जमिनीवर ठेवलेली नाही. एक म्हणजे कार्ब्युरेटरला ओढून बंद करणारी स्वतंत्र स्प्रिंग, जी सर्व्होची जोडणी तुटली तरी काम करते. दुसरी म्हणजे इग्निशनची तार चासीला जोडून इंजिन बंद करणारी रिले, जी वीज असताना संपर्क तोडून ठेवते आणि वीज जाताच जुळवते. तिला रिसीव्हरच्याच बॅटरीवर आणि वेगळ्या चॅनेलवर ठेवावे, संकेत तुटल्यावर त्या चॅनेलने रिलेची वीज तोडावी असे फेलसेफमध्ये बसवून घ्यावे, आणि धक्क्यांनी संपर्क थरथरू नये म्हणून रिले फोमवर चिकटवावी. ठिणगीचा त्रास रिसीव्हरला होऊ नये म्हणून रोध असलेला स्पार्क प्लग वापरावा आणि रिसीव्हर प्लगच्या तारेपासून शक्य तितका दूर ठेवावा.

चाचणी अशी घ्यावी : मागची चाके अधांतरी राहतील अशी गाडी स्टँडवर ठेवून इंजिन सुरू करावे आणि हातातील ट्रान्समीटर बंद करावा. इंजिन थांबले पाहिजे. पुन्हा सुरू करून या वेळी बॅटरीची पिन उपसावी. याही वेळी ते थांबले पाहिजे. मैदानावर गेल्यावर प्रत्येक वेळी टाकी भरली की या दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात.