परदेशी निघताना: कुठला नंबर ई-सिमवर आणि कुठला कार्डावर?

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांत नोकरीसाठी देश सोडताय, आहे तोच फोन सोबत नेणार आहात, तर ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमधल्याच चिपवर उतरवायचं सिम) इथूनच घ्यावं का पोचल्यावर, आणि जुना नंबर ठेवण्यात काही अर्थ आहे का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लोक तिथेच फसतात.

जुना नंबर बंद करू नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. बँक, गुंतवणूक, विमा, ईमेल, सरकारी ओळखपत्रं या सगळ्यांचे ओटीपी त्या एका नंबरावर येतात, आणि नेमकं काय काय त्याला जोडलंय हे तो बंद पडल्यावरच कळतं. शिवाय बंद झालेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते. मग तुमचे निरोप त्याच्या फोनवर. प्रीपेड असेल तर न वापरलेला नंबर किती दिवसांनी बंद होतो ते आधी विचारून घ्या आणि रिचार्जची आठवण कॅलेंडरात टाकून ठेवा.

आता फोन. *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल; त्याच्याबरोबर ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर ई-सिमची चिप फोनमध्ये आहे असं समजा. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. गूगलचा पिक्सेल २ हा २०१७ साली ई-सिम असलेला पहिला फोन, २०१८ मध्ये आयफोन एक्सएस आणि एक्सआर आले, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत २०२० च्या एस२० पासून ही सोय मिळाली. पण त्याच नावाचा फोन कुठल्या देशात विकला गेला यावर आत काय आहे ते ठरतं. चीनमध्ये विकले जाणारे आयफोन वर्षानुवर्षं ई-सिमशिवायच येत होते, तिथे ते पहिल्यांदा आलं २०२५ च्या ऑक्टोबरात, आयफोन एअरबरोबर. अमेरिकेत बरोबर उलटं. २०२२ च्या आयफोन १४ पासून तिथल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. आयफोन १७ च्या वेळी कॅनडा, जपान, मेक्सिको, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती असे आणखी काही देश त्या यादीत गेले. म्हणजे ‘पुढे तिकडेच नवा फोन घेऊ’ असा बेत असेल, तर तुमचं प्लास्टिकचं कार्ड घालायला जागाच नसेल, हे आत्ताच लक्षात घ्या.

फोन हप्त्यांवर किंवा एखाद्या कंपनीच्या योजनेत घेतलेला असेल तर तो लॉक, म्हणजे फक्त त्याच कंपनीच्या सिमवर चालणारा, नाही ना, तेही बघा. लॉक असलेल्या फोनला ई-सिमही वाचवत नाही. ब्रिटनने आणि जपानने २०२१ मध्ये लॉक केलेले फोन विकण्यावर बंदी आणली, सगळीकडे तसं नाही.

आता मुख्य मुद्दा: दोन नंबर ठेवायचे तर कुठला कशावर? मी निघताना हौसेने घरचा नंबर ई-सिम करून घेतला आणि तिकडचं नवं कार्ड ट्रेमध्ये टाकलं. दुसऱ्याच महिन्यात फोन पाण्यात पडला आणि मेला. नवं कार्ड काढून जुन्या फोनमध्ये घातलं, पाच मिनिटांचं काम. घरचा नंबर मात्र त्या मेलेल्या फोनच्या पोटात. कंपनीला फोन केला तर म्हणाले, ओळख पटवायला ओटीपी पाठवतो. कुठल्या नंबरावर? त्याच! नाहीतर स्वतः दुकानात या. पुढची सुट्टी मिळेपर्यंत, म्हणजे अकरा आठवडे, मला माझ्याच बँक खात्यात शिरता येत नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा: फोनला ट्रे असेल तर घरचा नंबर कार्डावर आणि नव्या देशातला नंबर ई-सिमवर. नव्या कंपनीचं दुकान हाकेच्या अंतरावर असतं, ई-सिम बिघडलं तर तासाभरात दुसरं मिळतं. घरची कंपनी समुद्रापलीकडे. ई-सिम चोराला काढून फेकता येत नाही, म्हणून ते जास्त सुरक्षित, असं सांगणारे भेटतील. खरं आहे ते. पण कार्डाला सिमचा पिन लावता येतो, आणि चोरीपेक्षा फोन आपल्याच हातून पडण्याची शक्यता मला जास्त वाटते.

ट्रे नसलेलाच फोन नेणार असाल तर घरचा नंबर निघण्याआधी ई-सिम करून घ्या. आयफोन १३ पासून पुढच्या आयफोनमध्ये दोन ई-सिम एकाच वेळी चालू राहतात. मात्र कंपनीकडे आपला ईमेल नोंदवा, आणि फोन खराब झाल्यास परदेशातून ई-सिम पुन्हा कसं मिळेल हे विचारून उत्तर लेखी घ्या. जिथे शक्य आहे तिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे एसएमएसशिवाय फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप, लावा.

घरच्या नंबराचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्या, नाहीतर एसएमएसही येणार नाहीत. त्या नंबराचं डेटा रोमिंग मात्र बंद. आयफोनमध्ये गरज पडली की आपोआप दुसऱ्या सिमचा डेटा घेण्याचा पर्याय असतो, तोही बंद करा, नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतील.

प्रवाशांसाठीची ई-सिम मिळतात ती पहिल्या आठवड्यापुरती घ्या. त्यातली बहुतेक फक्त डेटाची असतात, नंबर मिळत नाही. घरमालक, बँक, कचेरी, सगळे तिकडचा नंबर मागतात, आणि तो घ्यायला अनेक देशांत ओळखपत्र लागतं. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेडलाही लागतं. म्हणून कायमचा प्लॅन इथे बसून शोधण्यात वेळ घालवू नका. तुर्कस्तानला जाणार असाल तर दोन गोष्टी वेगळ्या: २०२५ च्या जुलैमध्ये तिथे अशा ई-सिम विकणाऱ्या बऱ्याच साइट बंद केल्या गेल्या, तेव्हा खरेदी आधीच उरका. आणि बाहेरून आणलेला फोन शुल्क भरून नोंदवला नाही तर तिथल्या सिमवर १२० दिवसांनी चालेनासा होतो.

प्रवासाचं ई-सिम फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) घ्यायला इंटरनेट लागतं, ते विमानतळावर शोधत बसण्यापेक्षा घरच्या वायफायवर करून ठेवा. वैधता उतरवल्यापासून मोजतात का तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, एवढं बघून घ्या. आणि चालत नाही म्हणून चिडून ते डिलीट करू नका. ज्या क्यूआर कोडने ते उतरवतात तो बहुधा एकदाच चालतो. आधी त्या प्रवासाच्या ई-सिमचं (घरच्या नंबराचं नव्हे) डेटा रोमिंग चालू आहे का ते बघा, दहातल्या आठ वेळा तेच निघतं.