अकरावीची मार्कशीट मागतं कोण?

"ऑनलाइनच्या वर्षांत मार्क घसरले, आता बरं कॉलेज मिळेल का?" हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला मागायला अजूनही येतात. कोविडात पाचवी-सहावीत असलेली मुलं आता मोठी झाली आणि तेव्हा कच्चं राहिलेलं गणित त्यांच्यासोबत वरच्या वर्गात आलं. असं कुणी आलं की मला मुक्ता आठवते. नाव बदललंय, घरचे काही तपशीलही.

जून २०२२. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं कुटुंब. आई, बाबा, आजी आणि मुक्ता आले होते. बसायच्या आधीच बाबांनी दोन मार्कशीट टेबलावर ठेवल्या. दहावी ९३ टक्के, अकरावी ५२. "मॅडम, एका वर्षात एवढं? आता जीएसआयटीएसचं इंजिनिअरिंग विसरायचंच. एक खासगी कॉलेजवाले म्हणतायत, आत्ताच पैसे भरून सीट धरून ठेवा. भरून टाकू का?" मुक्ता ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती.

मी पहिल्यांदा झोपेचं विचारलं. मग जेवण, मैत्रिणी, रडू येतं का. हे विचारल्याशिवाय मी कॉलेजच्या यादीला हात लावत नाही. मुलाचं कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टर आणि प्रवेशाचं नंतर. मुक्ताचं तसं नव्हतं. रात्री तीनला झोपायची एवढंच. बाकी आजीशी भांडण वगैरे सगळं जागेवर होतं.

पुढच्या भेटीला तिला अकरावीची गणिताची वही आणायला सांगितलं. त्रिकोणमितीपर्यंत वही बघत राहावी अशी. सूत्रांना लाल पेनने चौकटी, समासात बारीक अक्षरात शंका. नंतर एका पानावर '१२ ऑगस्ट' आणि खाली काहीच नाही. पुढची पानं तशीच, नुसत्या तारखांची.

"सर बोर्डवर लिहायचे ते मी स्क्रीनशॉट काढून ठेवायचे," ती म्हणाली. फोन दाखवला. नऊशेच्या वर स्क्रीनशॉट. त्यातले परत किती पाहिलेस, विचारलं तर मान खाली गेली. फोन घरात एकच, धाकट्या भावाचा वर्गही त्यावरच. तास अर्धा झाला की फोन त्याच्याकडे जायचा.

मला आळशी मुलगी दिसली नाही. एका विशिष्ट दिवशी हात सुटलेली मुलगी दिसली, आणि तो दिवस वहीत लिहिलेला होता.

बाबांना मी त्या ९३ बद्दलही सांगितलं. २०२१ मध्ये सीबीएसईची दहावीची परीक्षा रद्द झाली होती. मार्क शाळेने वर्षभराच्या चाचण्यांवरून दिले. त्याआधी मार्च २०२० मध्ये तिची नववीची वार्षिक परीक्षाही अर्ध्यावर थांबली होती. म्हणजे अकरावीच्या आधी या मुलीने पूर्ण, लेखी वार्षिक परीक्षा शेवटची दिली ती आठवीत! ९३ वरून ५२ वर कोसळली असं मला वाटत नव्हतं. मधली तीन वर्षं तिला कुणी नीट मोजलंच नव्हतं. बाबा बराच वेळ गप्प होते.

मग मी त्यांना विचारलं, अकरावीचे मार्क प्रवेशाला धरतं कोण? आम्ही एकेक कॉलेज घेऊन बसलो. जीएसआयटीएसला जेईई मेनचा क्रमांक. देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयआयपीएससारख्या विभागांना सीयूईटीचे, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण. होळकर सायन्स कॉलेजला बारावीचे मार्क. तिन्ही दारांवर वेगळी मोजपट्टी, आणि अकरावीची मार्कशीट एकाही दारावर नाही. आई एकदम म्हणाली, "मग आम्ही वर्षभर तिला बोलतोय कशाला?"

इथे थांबून चालत नाही. मार्क विचारत नाहीत, पण अकरावीचा अभ्यासक्रम विचारतात. जेईईत अकरावी आणि बारावी दोन्ही येतात. सीयूईटीच्या विषयांच्या पेपरात मुख्यतः बारावीचं पुस्तक. पाया सुटलेल्या मुलाला पहिली वाट फार चढाची, दुसरी त्यामानाने सोपी. कॉलेजच्या नावाआधी पालकांनी हे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आजींचं मत वेगळं होतं. "पुण्याला आत्याकडे पाठवा, आपलीच माणसं आहेत." इंदूरच्या मराठी घरांतून हे हमखास येतं. पण घरात मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राचं डोमिसाइल मिळत नाही. तिथल्या इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा त्या राज्यातल्या मुलांच्या असतात. दहावी-बारावी इंदुरात केलेल्या मुलीला मुख्यतः अखिल भारतीय जागांवरच यावं लागतं. आजींना ते पटलं नाही. पण बाबांनी खासगी कॉलेजला पैसे भरायचं तेवढं थांबवलं. वर्षभर आधी, मुलाला काय जमतं हे कळायच्या आत धरलेली सीट ही भीतीपोटी धरलेली असते.

ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत अकरावीचं गणित १२ ऑगस्टच्या त्या पानापासून, त्याच वहीत. रोज एक तास, फोन आईकडे. आणि रविवारी घड्याळ लावून तीन तासांचा पेपर, कारण तिची तेवढा वेळ बसायची सवयच गेली होती. पहिल्या रविवारी ती पन्नास मिनिटांत उठली. नोव्हेंबरात तीन तास बसली.

२०२३ ला बारावीत ७१ टक्के पडले. जेईई जेमतेम. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठीची बारावीला ७५ टक्क्यांची अट त्याच वर्षी परत आली होती, त्यामुळे बाबांच्या मनात कुठेतरी उरलेली ती आशाही गेली. त्यांना लागलं, आणि ते माझ्याशी नीट बोलले नाहीत पंधरा दिवस. मुक्ताने मात्र होळकरला बीएस्सीचा फॉर्म भरला होता, गणिताबरोबर संख्याशास्त्र घेऊन. लॉकडाऊनमध्ये कॉलनीच्या भाजीचा हिशोब तीच ठेवायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मीच आधी विचारायला हवं होतं.

प्रवेशाच्या दिवशी बाबांचा फोन आला. कागद तपासून झाले होते. "मॅडम, ती अकरावीची मार्कशीट फाइलमध्ये लावून आणली होती," ते म्हणाले. "कुणी मागितलीच नाही."