कागद घेतल्याशिवाय मशीन हातातून सोडू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. "काका, तो माणूस बोलायला चांगला आहे हो, मी उगाच संशय घेते का?" असेल चांगला. मला एवढंच सांग, पावती कुठे आहे?

लॅपटॉप सुरू होत नव्हता म्हणून तू बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिलास. तीन आठवडे "उद्या या" ऐकलंस. बोर्डावरची पॉवर आयसी, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणारी चिप, गेली म्हणून साडेचार हजार मोजलेस. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बंद, आणि आता तो म्हणतो, "हा वेगळा प्रॉब्लेम आहे, वेगळे पैसे लागतील." वर सोळा जीबीची रॅम आठ दिसते आहे. एवढ्या सगळ्या व्यवहाराचा तुझ्याकडे पुरावा काय, तर व्हिजिटिंग कार्डच्या पाठीमागे पेनाने लिहिलेला एक मोबाइल नंबर. बाबा म्हणतात जाऊ दे, मैत्रिणी म्हणतात रिव्ह्यूमध्ये धू त्याला. दोन्ही करू नकोस.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. लॅपटॉपच्या पाठीवर पांढरी टेप, तिच्यावर मार्करने तुझं नाव आणि खाली पासवर्ड. तो लॅपटॉप तीन आठवडे कुठल्या रॅकवर होता, कोणाकोणाच्या हातून गेला, कोणाला माहीत? पॉवर आयसी बदलायला पासवर्ड लागत नाही. चालू करून तपासायचं असेल तर तुझ्यासमोर तपासावं, पासवर्ड तू टाकावास. आज घरी गेल्याबरोबर सगळे पासवर्ड बदल, आधी ईमेलचा, मग बँकेचा. पत्र नंतर वाच.

आता पुढचं. नागपूरच्या उन्हाळ्यात मशीन खरंच जातात. पारा पंचेचाळीसच्या वर, पंख्यात धूळ, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलेली, त्यात लाइटचा लपंडाव. एक बिघाड काढल्यावर दुसरा निघणंही शक्य आहे. तो खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. पण खरं बोलतो की खोटं, हे कळायला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं ना? मशीन देताना मॉडेल, सिरियल नंबर, रॅम किती, एसएसडी (फायली साठवायची डिस्क) किती, चार्जर दिला की नाही, तक्रार काय, अंदाजे खर्च किती आणि विचारल्याशिवाय काय करायचं नाही, एवढं एका कागदावर. खाली त्याची सही, दुकानाचा शिक्का. घेताना बिल, बदललेल्या पार्टचं नाव, वॉरंटीची मुदत, आणि काढलेला जुना पार्ट हातात. चांगला मेकॅनिक हे स्वतःहून लिहून देतो, कारण उद्या गिऱ्हाईक "माझी रॅम सोळाची होती" म्हणालं तर तोच कागद त्यालाही वाचवतो. हे पोरांना शाळेत का शिकवत नाहीत, देव जाणे.

मी वीज मंडळाच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. चलनाशिवाय फ्यूज गेटाबाहेर जाऊ दिला नाही, साहेबाचा फोन आला तरी. म्हणून मला लोक कागदी म्हणायचे. म्हणू देत.

माझ्या हार्ड डिस्कची गोष्ट तुला घरातून अर्धवट कळली असेल. पडली होती, टकटक आवाज करत होती. तिच्यात आईच्या आवाजातली भुलाबाईची गाणी होती. दुकान मित्राचं, रोजचा चहा एकत्र. तरी मी पावती करून घेतली आणि तिच्यावर लिहवून घेतलं, 'विचारल्याशिवाय उघडू नये.' त्याने उघडली, दुकानातल्या साध्या टेबलावर. आत माहिती वाचणारं हेड फिरत्या तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर, तरंगतं. धुळीचा कणसुद्धा तिथे दगडासारखा. नंतर कोणीच ती डिस्क हातात घ्यायला तयार झालं नाही. मी पावती समोर ठेवली. त्याने डिस्कची किंमत दिली आणि बोलणं सोडलं. माझ्या मुलीच्या लग्नालाही आला नाही.

लोक म्हणतात, कागदापायी मित्र घालवला. त्याची आठवण मला येते, लग्नात त्याची जागा मोकळी होती हे अजून सलतं. पण उघडायच्या आधी एक फोन केला असता तर? कागदावर तेवढंच मागितलं होतं. मी आजही तेच लिहवून घेईन.

असो. तुझ्याकडे अगदीच काही नाही असं नाही. यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची "उद्या या" आहेत. काहीही डिलीट करू नकोस. रॅमचं म्हणशील तर लॅपटॉपचं मूळ बिल शोध. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकला की कारखान्यातून काय बसवून आलं होतं ते दिसतं. रॅम नंतर वाढवली असेल तर मात्र सिद्ध करणं कठीण जाईल, हे आधीच सांगतो. पावती असती तर हा वादच नव्हता.

आणि "आम्ही बिल देत नाही" हे ऐकून घेऊ नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं, हीसुद्धा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पण त्याआधी त्याला सरळ संधी दे.

आज रात्रीच त्याला मेसेज टाक: अमुक तारखेला हे मॉडेल दिलं, अमुक तारखेला एवढे पैसे दिले, दुसऱ्या दिवशी बंद पडलं, रॅम कमी आहे, सात दिवसांत दुरुस्त करून बिलासह द्या किंवा पैसे परत करा. शिवी नको, टोमणा नको. तो फोन करेल, गोड बोलेल. बोलून घे, आणि फोन ठेवल्यावर जे ठरलं ते पुन्हा लिहून पाठव.

शनिवारी संध्याकाळी मूळ बिल घेऊन ये. बर्डीला मी बरोबर येतो, पण दुकानात बोलायचं तू.

तुझा,
काका