‘गांधी’च्या श्रेयनामावलीतील दुसरे नाव

प्रश्न : रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा १९८२ चा ‘गांधी’ अलीकडेच पुन्हा पाहिला. संगीताच्या श्रेयात पंडित रविशंकर यांच्यासह जॉर्ज फेंटन असेही नाव आहे. हे कोण आणि त्यांचे नेमके काम कोणते होते?

उत्तर : जॉर्ज फेंटन हे १९४९ साली जन्मलेले ब्रिटिश संगीतकार. ‘गांधी’साठी भारतीय संगीत रविशंकरांनी दिले, तर वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत आणि पूरक संगीत फेंटन यांनी. चित्रपटातले त्यांचे हे पहिलेच मोठे काम होते, आणि एवढ्या मोठ्या कलावंताच्या शेजारी बसून त्याच्या सुरावटींना धक्का न लावता आपला भाग लिहिणे हे नवख्या माणसासाठी किती अवघड असेल, याची कल्पना संगीताशी थोडाफार संबंध असलेल्या कुणालाही करता येईल. त्या वर्षीच्या सर्वोत्तम संगीताच्या ऑस्करसाठी दोघांचे संयुक्त नामांकन झाले.

ही समज त्यांच्यात रंगभूमीवरून आली असावी, असे मला वाटते. १९६८ मध्ये अ‍ॅलन बेनेट यांचे ‘फॉर्टी इयर्स ऑन’ हे नाटक लंडनमध्ये आले, तेव्हा त्यातल्या शाळकरी मुलांपैकी एक म्हणून फेंटन रंगमंचावर उभे होते. पुढे १९७४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ला त्यांनी संगीत दिले. नाटकात नट रोज सारखे थांबत नाहीत, त्यामुळे संगीताला शब्दांच्या मागून चालावे लागते आणि वेळ आली की गप्पही बसावे लागते. ‘द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’ या चित्रपटात त्यांनी स्वतःच्या चाली बाजूला ठेवून अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचे संगीत प्रसंगांना जुळवून घेतले. दिग्दर्शक केन लोच यांच्यासाठी तर १९९४ पासून ते सातत्याने संगीत देत आले, जरी लोच यांच्या चित्रपटांत संगीत फार थोडे असते. ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ (२००६) आणि ‘आय, डॅनियल ब्लेक’ (२०१६) हे कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारे दोन्ही चित्रपट त्यांच्याच संगीताचे आहेत.

प्रश्न : त्यांना ऑस्कर मिळाले का?

उत्तर : नाही. ‘गांधी’, ‘क्राय फ्रीडम’, ‘डेंजरस लायझन्स’ आणि ‘द फिशर किंग’ या चार चित्रपटांसाठी त्यांना एकूण पाच नामांकने मिळाली. ‘क्राय फ्रीडम’ची त्यांत दोन आहेत, संगीताचे आणि गीताचे. दोन्ही दक्षिण आफ्रिकेचे जोनस ग्वांग्वा यांच्यासह होती.

प्रश्न : फेंटन यांनी बीबीसीच्या निसर्गविषयक मालिकांनाही संगीत दिले आहे. अशा मालिकांमध्ये एवढे भव्य संगीत कशासाठी लागते? समुद्राचा स्वतःचा आवाज पुरेसा नाही का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, पण तो आवाज चित्रीकरणात बहुधा मिळतच नाही. पाण्याखाली कॅमेऱ्याजवळ ऐकू येतात ते पाणबुड्याच्या श्वासाचे बुडबुडे, आणि आकाशातून टिपलेल्या दृश्यात हेलिकॉप्टरची घरघर. म्हणून दृश्य पुष्कळदा मुकेच हाती येते, लाटांचे आणि पंखांचे आवाज नंतर भरले जातात, आणि प्रसंगाचा भाव बराचसा संगीतालाच सांभाळावा लागतो.

बीबीसीच्या ‘द ट्रायल्स ऑफ लाइफ’पासून (१९९०) फेंटन हे काम करत आले. ‘द ब्लू प्लॅनेट’ (२००१, ८ भाग) आणि ‘प्लॅनेट अर्थ’ (२००६, ११ भाग) यांनी त्यांचे नाव जगभर नेले. या मालिकांचे निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे, म्हणजे ‘गांधी’च्या दिग्दर्शकाच्या सख्ख्या भावाचे. धाकट्या भावाचा आवाज आणि थोरल्याच्या चित्रपटाचा संगीतकार असे एकाच पडद्यावर भेटले, याचे मला फार अप्रूप वाटते.

कामाची पद्धत अशी की, संकलित दृश्ये पाहून निर्माता आणि संगीतकार एकत्र ठरवतात की संगीत कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे. ब्रिटिश दूरचित्रवाणीत एका सेकंदाला २५ चित्रचौकटी धावतात. मिनिटाला ६० ठोक्यांची लय धरली, तर दर ठोक्याला २५ चौकटी सरतात. देवमाशाची शेपटी पाण्यावर आदळते तो क्षण दोन ठोक्यांच्या मध्ये पडत असेल, तर लय किंचित बदलावी लागते किंवा स्वराची सुरुवात सरकवावी लागते. ध्वनिमुद्रणात वादकांच्या कानावर हे ठोके ‘क्लिक ट्रॅक’ने पोचतात. दृश्याचा एक तुकडा संकलनात कापला गेला, की हा सगळा हिशोब पुन्हा मांडायचा.

दोन्ही मालिकांच्या प्रत्यक्ष मैफलीही झाल्या : मंचावर वाद्यवृंद, मागे भव्य पडद्यावर समुद्र, आणि पडद्याकडे एक डोळा ठेवून संचालन करणारे स्वतः फेंटन.

प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी एक प्रयोग जरूर करून पाहावा. ‘द ब्लू प्लॅनेट’च्या पहिल्या भागाची सुरुवात, जिथे निळा देवमासा दिसतो, ती आधी आवाज पूर्ण बंद करून पाहा. हत्तीएवढ्या वजनाची जीभ असलेला तो प्राणी संथपणे सरकत राहतो, आणि त्याच्या आकाराचा नीट अंदाज येत नाही. मग तेच दृश्य आवाजासह पाहा आणि वाद्यवृंद नेमक्या कोणत्या क्षणी प्रवेश करतो, तिकडे लक्ष द्या.